जुन्या ट्रकचे वय कागदावर आहे, अवस्था मात्र कुठेच नोंदलेली नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घाटात एखाद्या मालवाहू गाडीचे ब्रेक निकामी झाले की पंधरा वर्षांवरील सगळे ट्रक एकदाच मोडीत काढावेत, अशी मागणी वाचकांच्या पत्रांतून आणि चर्चांतून होऊ लागते. या मागणीमागची काळजी खरी आहे आणि तिची अवहेलना करण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. जुने डिझेल ट्रक बाळगून, ऊस, विटा, मुरूम आणि धान्य वाहून ज्यांचे घर चालते अशा कराड-सांगली पट्ट्यातील असंख्य मालकांपैकी मी एक आहे. या व्यवसायात राहून माझे ठाम मत झाले आहे की ट्रकच्या नोंदणीच्या वर्षावरून त्याच्या सुरक्षिततेबद्दल फारच थोडे कळते. ज्या गोष्टींवरून ते कळते, त्यांची नोंद ठेवण्याची सोय मालकाच्या घरीही नसते आणि परिवहन कार्यालयातही नसते. या उणिवेकडे आपल्या दैनिकामार्फत शासनाचे आणि माझ्या व्यवसायबंधूंचे लक्ष वेधावे, असे वाटते.

जुना ट्रक लोक हौसेने ठेवत नाहीत. आमच्याकडे साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि साधारण मार्चपर्यंत चालतो. तेवढ्या महिन्यांत गाडी रात्रंदिवस फडातून कारखान्यावर आणि कारखान्यावरून फडात फिरते आणि पावसाळ्यात जवळजवळ उभी राहते. नव्या गाडीच्या कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने भरावा लागतो. शिवाय भारत स्टेज सहाच्या (धुराच्या सध्याच्या कडक मानकाच्या) गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रण, धूर शुद्ध करणारी यंत्रणा आणि तिच्यासाठी लागणारे युरियाचे द्रावण यांची दुरुस्ती तालुक्याच्या ठिकाणचा मिस्त्री संगणक जोडल्याशिवाय करू शकत नाही. नव्या गाड्यांचा धूर कितीतरी कमी असतो हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण ज्याची मिळकतच हंगामी आहे, त्याने यांत्रिक पंपाची (इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाची), पाना-पक्कडीने उघडता येणारी गाडी सांभाळून वापरली तर त्याला दोष देता येणार नाही. मात्र येथे 'सांभाळून' या शब्दावर सगळा भार आहे.

सांभाळण्याची सुरुवात गाडी नेमकी कोणती आहे हे ओळखण्यापासून होते, आणि येथेच बहुतेक नवे खरेदीदार फसतात. आपल्या देशात अवजड ट्रकचे उत्पादन खऱ्या अर्थाने १९५०च्या दशकात रुजले. जमशेदपूरच्या टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) १९५४ साली जर्मनीच्या डायमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्या काळातील गाड्यांच्या तोंडावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असे. मद्रासजवळ एन्नोरला अशोक लेलँड उभी राहिली आणि तिची कॉमेट गाडी दक्षिणेतून आपल्याकडे आली. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक निघत. त्या गाड्या आता क्वचितच दिसतात. आज जुना ट्रक म्हणून जो विकला जातो तो बहुधा टाटाचा १६१३ किंवा २५१५ असतो, नाहीतर लेलँडची हिनोच्या तंत्रज्ञानावरील एच मालिकेचे इंजिन असलेली गाडी असते.

टाटाच्या जुन्या क्रमांकांना अर्थ आहे आणि तो प्रत्येक खरेदीदाराने समजून घ्यावा. १६१३ म्हणजे भारासह एकूण वजन सुमारे सोळा टन आणि इंजिनाची ताकद सुमारे १३० अश्वशक्ती. १२१० म्हणजे बारा टन आणि शंभर अश्वशक्ती. २५१५ म्हणजे पंचवीस टन आणि १५० अश्वशक्ती. इंजिनांच्या आकड्यांतही अशीच रीत आहे. ६९७ इंजिनात सहा सिलिंडर असून प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर आहे, तर त्याआधीच्या ६९२ मध्ये तो ९२ मिलिमीटर होता. ४०७ टेंपोतील ४९७ इंजिन त्याच व्यासाचे, पण चार सिलिंडरचे. हे ज्याला माहीत आहे, त्याला दुकानदार ६९२चे पिस्टन ६९७चे म्हणून देऊ शकत नाही. पुढे १९९३ साली टाटा आणि कमिन्स यांची संयुक्त कंपनी जमशेदपूरला स्थापन झाली (तिचा एक कारखाना आता आमच्याच सातारा जिल्ह्यात फलटणला आहे) आणि १६१३, २५१५ यांसारख्या गाड्यांत ५.९ लिटरचे सिक्स बीटी इंजिन येऊ लागले. त्यामुळे बोनेटखाली ६९७ आहे की कमिन्स, हे केवळ मॉडेलच्या क्रमांकावरून गृहीत धरता येत नाही, ते डोळ्यांनी पाहावे लागते. दोन्हींच्या दुरुस्तीची पद्धतही वेगळी आहे. कमिन्सच्या या इंजिनात सुटे लायनर (पिस्टनभोवतीच्या बदलता येणाऱ्या नळ्या) नसतात, सिलिंडर ब्लॉकमध्येच कोरलेले असतात. ते झिजले की बोअरिंग करून, म्हणजे आतून कोरून रुंद करून, मोठ्या मापाचे पिस्टन बसवावे लागतात आणि ब्लॉकचे आधी किती वेळा बोअरिंग झाले आहे, यावर त्या इंजिनाचे उरलेले आयुष्य ठरते. विकणारा ते सांगत नाही. इंजिनावरील पट्टीवर अनुक्रमांक आणि सुट्या भागांच्या यादीचा सीपीएल क्रमांक असतो. ती पट्टी रंगाखाली दडलेली असेल तर रंग हलक्या हाताने खरवडून वाचावी आणि सुटे भाग त्याच क्रमांकावरून मागवावेत.

चॅसी क्रमांकाची गोष्ट याहून गंभीर आहे. गेल्या सुमारे दोन दशकांतील गाड्यांवर सतरा अक्षरांचा क्रमांक असतो. टाटाचा 'एमएटी' या अक्षरांनी आणि लेलँडचा 'एमबी१' ने सुरू होतो आणि त्यातील दहावे चिन्ह बहुतेक वेळा निर्मितीचे वर्ष सांगते. २००१ ते २००९ साठी १ ते ९ हे आकडे आणि २०१० पासून पुन्हा ए, बी, सी असा तो क्रम आहे. त्याआधीच्या गाड्यांचे क्रमांक प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचे आहेत. हा क्रमांक बहुधा उजव्या बाजूच्या लाँग मेंबरवर (चॅसीच्या लांब लोखंडी तुळईवर), पुढच्या चाकाजवळ ठोकलेला असतो. म्हणजे चिखल, उसाचा रस आणि कोकणात जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत खारी हवा यांचा मारा नेमका तिथेच होतो. गंज चढला की आकडे पुसट होतात, पुसट आकड्यांवर कोणीतरी पुन्हा पंच मारतो आणि कायदेशीर गाडीसुद्धा चोरीच्या संशयात अडकते. म्हणून व्यवहार ठरण्याआधी जागा साफ करून, कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्यावा आणि तो आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. एकेक आकडा वेगळ्या उंचीवर बसलेला दिसला, किंवा त्या जागी ग्राइंडरचे व्रण दिसले, तर स्वस्तातली गाडीही सोडून द्यावी. ज्याची गाडी स्वच्छ आहे त्यानेही दर पावसाळ्यापूर्वी त्या जागेवर ग्रीसचा पातळ थर द्यावा. एवढ्या साध्या गोष्टीने पुढची कितीतरी कटकट वाचते.

इंजिन बदलण्याबाबत आमच्या व्यवसायात मोठी ढिलाई आहे. हंगामाच्या मध्यावर इंजिन बसले की मालक जुन्या बाजारातून 'हाफ इंजिन' (वरचे हेड नसलेले जुने इंजिन) आणतो, दोन दिवसांत गाडी पुन्हा उसाच्या रांगेत लागते आणि नव्या इंजिनाचा क्रमांक आरसीवर कधीच चढत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. तो न कळवलेली गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनी पहिले बोट क्रमांकाच्या तफावतीवर ठेवते. मालकी हस्तांतरणाचेही तेच आहे. नमुना २९ आणि ३० वर सह्या करून, कोऱ्या जागा तशाच ठेवून, गाडी तीन-चार हातांतून फिरते आणि नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे की अपघाताच्या भरपाईसाठी ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच मालक धरला जाईल. आपली जुनी गाडी विकून निश्चिंत झालेल्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे. बँकेचा बोजा उतरल्याचा नमुना ३५ आणि परराज्यातून आलेल्या गाडीचे नाहरकत प्रमाणपत्र यांची खातरजमा तर पैसे देण्याआधीच व्हायला हवी. दिल्ली परिसरात हरित लवादाने २०१५ साली आणि त्यानंतर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर निर्बंध आणल्यापासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या, त्यामुळे ही दक्षता अधिकच गरजेची झाली आहे.

आता देखभालीबद्दल. इंजिन बसले तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, ब्रेक गेले तर माणसे मरतात. तरीही आमच्याकडे पैसा आधी इंजिनावर खर्च होतो आणि ब्रेकची वेळ 'पासिंग'च्या, म्हणजे परिवहन कार्यालयातील योग्यता तपासणीच्या, आदल्या आठवड्यात येते. ही रीत उलटी झाली पाहिजे. ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. जुन्या गाड्यांत ही हवा कोरडी करणारा ड्रायर बहुधा नसतो, त्यामुळे कॉम्प्रेसरमधून आलेली वाफ हवेच्या टाकीत पाणी होऊन साचते. ते पाणी रोज संध्याकाळी टाकीखालचा कॉक उघडून सोडावे लागते. पाण्याबरोबर काळे तेल येऊ लागले तर कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या आहेत आणि तेच तेल पुढे व्हॉल्व्हच्या आणि डायफ्रामच्या रबराचा नाश करते आहे, असे समजावे. सकाळी टाकीत पुरेशी हवा भरली की इंजिन बंद करून ब्रेकचा पेडल दाबून धरावा आणि मीटरचा काटा पाहावा. काटा उतरत राहिला तर कुठेतरी हवा गळते आहे. जोडणीवर साबणाचे पाणी लावले की जागा सापडते. पुश रॉड (हवेच्या दाबाने पुढे सरकणारा दांडा) आणि स्लॅक ॲडजस्टर (त्याने फिरणारा, ब्रेक लावणारा आर्म) यांच्यातला कोन ब्रेक लागलेला असताना काटकोनाच्या जवळपास असावा. रॉड त्याहून बराच पुढे जात असेल तर सपाटीवर ब्रेक लागल्यासारखे वाटतात, पण उतारावर ड्रम तापून फुगले की रॉडची धाव संपते आणि ब्रेक लागतच नाहीत. ब्रेकचे लायनर (ड्रमवर घासणारे अस्तर) एका चाकाचे बदलून भागत नाही, त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या बाजूचेही बदलावे लागतात, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. ड्रमला टर्निंग करून करून (लेथवर आतून घासून) तो पातळ झाला असेल तर तो टाकून द्यावा, कारण पातळ ड्रम पहिल्याच लांब उतारावर तापतो. पुश रॉडची धाव, लायनरची जाडी आणि ड्रमची अवस्था मालकाने महिन्यातून एकदा तरी स्वतः उभे राहून पाहावी, हे काम मिस्त्रीच्या शब्दावर सोडू नये.

यातच ड्रायव्हरच्या सवयीचा भाग येतो. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर साखळी अपघात झाले आहेत, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे एकाच वेळी चाळीसहून अधिक वाहने सापडली होती. अशा लांब उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून सोडणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. इंजिन बंद झाले की कॉम्प्रेसर थांबतो, टाकीतली उरलेली हवा काही वेळा ब्रेक मारताच संपते, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते आणि गिअरमधले इंजिन जो रोध देते तोही मिळत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण आजही तितकीच खरी आहे आणि प्रत्येक मालकाने ती आपल्या ड्रायव्हरला स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. डिझेलच्या हिशोबावरून ड्रायव्हरला बोल लावणारा मालकच त्याला न्यूट्रलची सवय लावतो, हे कटू असले तरी लिहिणे भाग आहे.

इंजिनाबाबत सर्वांत जास्त नुकसान पंपाशी छेडछाड केल्याने होते. जास्त माल ओढावा म्हणून पंपाचे सील तोडून डिझेल वाढवले जाते. गाडी काही दिवस जोरात ओढते, पण न जळालेल्या डिझेलचा काळा धूर निघतो, पिस्टनची डोकी आणि हेड तापतात आणि सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन निघाल्याने रिंगा लवकर झिजतात. पंप आणि नोझल यांचे कॅलिब्रेशन यंत्रावर, कंपनीच्या आकड्यांनुसार, माहीतगार माणसाकडूनच करून घ्यावे. धुराच्या तपासणीत जुन्या डिझेल वाहनांना ६५ हार्ट्रिजपर्यंत (धुराच्या दाटपणाचे एकक) आणि भारत स्टेज चारच्या वाहनांना ५० पर्यंत मुभा आहे. नीट जुळवलेले जुने यांत्रिक इंजिन या मर्यादेत सहज बसते, असा अनुभव आहे. काळा धूर बहुधा जास्त डिझेलाचा किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरचा असतो, निळा धूर तेल जळत असल्याचा असतो आणि गरम इंजिनातून सतत येणारा पांढरा धूर नोझल किंवा हेड गॅस्केटकडे बोट दाखवतो. उसाच्या फडातील पाचोळा आणि धूळ लक्षात घेता एअर फिल्टर पुस्तिकेतल्या किलोमीटरवर न ठेवता हंगामात दर आठवड्याला उघडून पाहिलाच पाहिजे.

चॅसीचे पाटे, किंग पिन, टाय रॉडचे बॉल जॉइंट आणि प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस यांना वेळेवर ग्रीस मिळाले तर ते वर्षानुवर्षे टिकतात. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. लाँग मेंबरला मागच्या पाट्याच्या हँगरजवळ तडा गेला असेल तर त्यावर नुसते वेल्डिंग मारून पुढे चालणे धोक्याचे आहे, एवढे मात्र सांगतो. टायरांच्या बाबतीत, लॉक रिंग असलेल्या रिममध्ये हवा भरताना रिंग नीट बसली आहे याची खात्री करून आणि समोर उभे न राहता हवा भरावी. उडालेल्या रिंगने क्लीनर आणि पंक्चरवाले जायबंदी झाल्याच्या घटना आमच्या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहेत. चोवीस व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्या एकाच वयाच्या असाव्यात आणि टेपसाठी एकाच बॅटरीवरून तार घेऊ नये. त्याने एक बॅटरी कायम उपाशी राहते आणि दुसरी जास्त तापते.

बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीबद्दल वेगळा इशारा द्यावासा वाटतो. गोव्यात २०१२ साली खाणकाम थांबले आणि खनिज वाहणारे ट्रक दारात उभे राहिले, २०१८ मध्ये पुन्हा तेच झाले. उभ्या गाडीचे किलोमीटर कमी दिसतात, पण डिझेलच्या टाकीत पाणी आणि बुरशी धरते, ब्रेकचे कॅम आणि व्हील सिलिंडर जाम होतात, रबरी पाइप आणि सील सुकून तडकतात, टायरला एकाच जागी भार राहून चीर पडते. अशी गाडी घेणाऱ्याने पहिल्या भाड्याआधी डिझेलची टाकी, सर्व द्रव, सर्व रबरी पाइप आणि चारही बाजूंचे ब्रेक उघडून बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. आमचा हंगामी ट्रकही पावसाळ्यात उभा असतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी तो चालू करून, थोडा फिरवून, ब्रेक मोकळे करून ठेवला पाहिजे.

वाहन आठ वर्षांचे झाले की मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि अवजड वाहनांची तपासणी टप्प्याटप्प्याने स्वयंचलित केंद्रांकडे जात आहे. या बदलाचे मी मनापासून स्वागत करतो. रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक स्वतंत्र मोजला जातो, तेथे ओळख किंवा वशिला उपयोगाचा नाही. पण ही तपासणी वर्षातील एका दिवसाची असते. उरलेल्या दिवसांची नोंद कुठेही राहत नाही. म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत.

दहा वर्षांवरील प्रत्येक मालवाहू गाडीसाठी छापील देखभाल वही सक्तीची करावी. तिच्यात ब्रेकचे काम, लायनर-ड्रम बदल, स्टिअरिंगचे भाग, पंपाचे कॅलिब्रेशन आणि इंजिनाचे बोअरिंग यांच्या तारखा, किलोमीटरचे आकडे व काम करणाऱ्या गॅरेजचा शिक्का असावा, आणि ती वही योग्यता तपासणीच्या वेळी पाहिली जावी. गाडी विकताना ती नव्या मालकाच्या हाती जावी. दुसरे म्हणजे, इंजिन बदलाची नोंद, पुसट चॅसी क्रमांकाची अधिकृत पडताळणी आणि रखडलेले मालकी हस्तांतरण ही कामे परिवहन विभागाने तालुक्याच्या शिबिरांत, गाळप हंगाम सुरू होण्याआधीच्या महिन्यांत, ठरावीक मुदतीत आणि माफक शुल्कात करून द्यावीत. हजारो गाड्या एकदाच कागदोपत्री सरळ होतील आणि चोरीच्या गाड्या आपोआप उघड्या पडतील. तिसरी विनंती साखर कारखान्यांना आहे. ऊस वाहतुकीचा करार करताना आणि उचल देताना त्यांनी वैध योग्यता प्रमाणपत्राबरोबर हंगामाच्या सुरुवातीची ब्रेक तपासणी अट म्हणून घालावी आणि कारखान्याच्या आवारातच ती करून द्यावी. गव्हाणीसमोर रांगेत तासन् तास उभ्या असणाऱ्या गाडीच्या हवेच्या टाकीतील पाणी, पुश रॉड आणि टायर तपासायला एक जाणकार फिटर आणि एक टॉर्च पुरेसा आहे.

ज्या गाड्या या तपासणीत टिकणार नाहीत त्या मोडीत निघाव्यात, त्यांचे वय आठ वर्षे असो वा पंचवीस. तशा गाडीच्या मालकाला नोंदणीकृत मोड केंद्राचे ठेव प्रमाणपत्र (गाडी मोडीसाठी जमा केल्याचा दाखला) आणि त्यावरील सवलत विनाविलंब मिळावी, एवढी दक्षता शासनाने घ्यावी.

आपला विश्वासू,
एक मालवाहतूकदार, कराड, जि. सातारा